टिकलीएवढा कागद

ती आता वकील आहे. कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाशी, जिथे भिंतीचा रंग बारा महिने पोपडे धरून असतो, तिथे तिचं टेबल आहे. नवं माणूस समोर आलं की ती त्याचे कागद लगेच हातात घेत नाही. आधी विचारते, "कुठे चढलात?" माणूस भांबावतो. मग ती समजावते, "भांडण कुठून सुरू झालं ते सांगा. तिथून एकेक थांबा घेत येऊ. उतरायचं कुठे ते शेवटी बघू." आणि माणूस सांगायला लागतो, अगदी रडत आलेलासुद्धा. रडणाऱ्याला सगळं एकदम आठवत असतं आणि सगळं एकदम सांगता येत नाही. त्याला फक्त पुढचा थांबा विचारावा लागतो.

वकील व्हायच्या आधी ती वीसएक वर्षं बस कंडक्टर होती.

आमची ओळख लॉ कॉलेजातली. सकाळी सातचे तास. आम्ही वीस-बावीस वर्षांची मुलंमुली, डोळ्यांवर झोप आणि वहीत कलमांचे आकडे. ती एकेचाळीसची. पहिल्या बाकावर बसायची, कारण तास संपला की तिला घरी पळायचं असे आणि दोन वाजता ड्युटीवर हजर व्हायचं असे. वर्गाने तिचं नाव डबल बेल ठेवलं होतं. शिकवता शिकवता सर भरकटले, आपल्या तरुणपणच्या गाजलेल्या केसमध्ये शिरले, की ती पेनाने बाकावर दोनदा वाजवायची. टक टक. गाडी पुढे घ्या. सर हसायचे आणि गाडी पुढे घ्यायचे. तोंडावर मात्र आम्ही तिला ताईच म्हणायचो.

अकरा वर्षं तिची बस कोर्टावरून जात होती. त्या अकरा वर्षांत तिने एक गोष्ट पाहिली होती, ती तिने मला एकदा सांगितली. जाताना लोक फाईल छातीशी धरून बसतात आणि येताना मांडीवर टाकतात. येताना कुणी खिडकीबाहेर बघत नाही. "काय झालं विचारलं की म्हणतात, तारीख दिली. कसली, कशासाठी, काही ठाऊक नसतं. तिकिटावर निदान छापलेलं असतं, कुठून कुठे." एवढ्यावरून कुणी लॉ कॉलेजात नाव घालत नाही. तिने घातलं.

घरी नवरा, सासू आणि दहावीतली मुलगी. नवरा रंगाच्या दुकानात कामाला. त्याच्या नखांवरून त्या दिवशी कुणाच्या भिंती कुठल्या रंगाच्या झाल्या ते कळायचं. सासूबाईंचं तोंड चालू असे. "या वयात बायका गुडघ्याला औषध शोधतात, ही कायदा शोधतेय. उद्या वकील होऊन पहिली केस माझ्यावरच टाक."

"तुमच्यावर टाकून काय मिळणार? तुम्ही दहा वर्षं तारखाच घेत बसाल."

"घेईन की. मला कुठे घाई आहे?"

आणि कॉलेजच्या दिवशी पहाटे भाजी चिरून ठेवायच्या त्या सासूबाईच.

तिसऱ्या वर्षी आम्हाला कायदा पुस्तकाबाहेर भेटला. कॉलेजने कोर्टाच्या आवारात एक मदत केंद्र चालवायला घेतलं होतं. ज्यांना वकील परवडत नाही ते तिथे यायचे. आम्ही त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचो, कागद लावायचो, अर्जाचा कच्चा मसुदा करायचो आणि आमच्या मॅडम तो तपासून कोर्टात उभ्या राहायच्या. त्या आम्हाला शिकवायच्याही आणि रोज वकिलीही करायच्या. ती खोली पूर्वी सायकली ठेवायची होती. जमिनीतले लोखंडी खाचे कुणी काढलेच नव्हते, त्यामुळे आत येणारा प्रत्येक पक्षकार आधी अडखळायचा आणि मग नमस्कार करायचा. एक टेबल, दोन कपाटं, घरघरणारा पंखा आणि कागदाला भोकं पाडायचं एक जुनं, जड, हिरवं मशीन.

दाराच्या मागच्या बाजूला मॅडमनी खडूने नियम लिहिला होता. मूळ कागदाची आधी झेरॉक्स काढायची. मग मूळ कागद पारदर्शक पिशवीत. भोकं फक्त झेरॉक्सला.

तिथे आम्ही बऱ्याच गोष्टी शिकलो. कुठल्या कारकुनाशी आधी बोलायचं आणि कुठल्याला चहा होईपर्यंत हाक मारायची नाही. लोक सगळ्यात आधी वयाबद्दल खोटं बोलतात. आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद ते सगळ्यात शेवटी, जाता जाता, पोटातून काढावा तसा काढतात. हे शेवटचं ताईच्या लक्षात आलं. आम्हा दोघींची जोडी लावलेली होती. पहिल्या आठवड्यात मी एका म्हाताऱ्याला तीनदा विचारलं, "वादाचं कारण केव्हा उद्भवलं?" त्याने तिन्ही वेळा पाणी मागितलं. मग ताईने खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "आजोबा, कुठे चढलात?" वीस मिनिटांत माझी चार पानं भरली.

आणि जी चूक झाली ती मात्र माझी नव्हती, तिची होती. तिच्याच हातून होऊ शकली असती अशी.

एका गुरुवारी इस्त्रीवाली आजी आली. सत्तरीच्या पुढची, उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. एका जुन्या दुमजली घराच्या जिन्याखालच्या खोलीत ती तीस वर्षं राहत होती आणि तिथेच लोकांचे कपडे इस्त्री करत होती. घर एका डॉक्टरांचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. ते वारले, घर पुतण्याकडे गेलं आणि पुतण्याने दावा लावला की आजीने खोली रिकामी करावी.

आजीकडे एक कागद होता. डॉक्टरांच्या औषधं लिहायच्या पॅडचं अर्धं पान. त्यावर त्यांच्या हाताने लिहिलेलं की जिन्याखालची खोली हिला हयातभर राहायला दिली आहे, कुणी उठवू नये. उजवीकडे सही. डाव्या कडेला, पार काठाशी, तारीख.

सगळी केस त्या तारखेवर उभी होती. त्या महिन्याच्या दहा तारखेला डॉक्टर न्हाणीघरात पडले होते आणि डोक्याला मार बसला होता. त्यानंतर ते आठ महिने जगले, पण माणसं ओळखेनासे झाले. हात मात्र सवयीने चालत राहिला. समोर पॅड आलं की ते न आलेल्या रोग्यांसाठी औषधं लिहायचे आणि खाली सही करायचे. पुतण्याचं म्हणणं असं की अशाच एखाद्या दिवशी आजीने हा कागद लिहून घेतला. कागदावर तारीख होती तीन. म्हणजे पडण्याच्या सात दिवस आधीची. आजीचं उरलेलं आयुष्य त्या सात दिवसांत राहत होतं.

ताईने तिला थांबा थांबा घेत सगळं विचारलं. शेवटी आजीने ब्लाऊजमधून कागद काढला. मी तो घेऊन समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, पंधरा मिनिटं लागतील. मी कागद घेऊन तशीच परत आले तेव्हा बाकावर अकरा माणसं होती. ताई पुढच्या माणसाला विचारत होती, "बोला, कुठे चढलात?" आणि बोलता बोलता तिचे हात आजीचे कागद गोळा करत होते. आठ कागद. तिने ते टेबलावर उभे आपटून कडा सारख्या केल्या, जशी ती एकोणीस वर्षं तिकिटांच्या गड्ड्या सारख्या करत आली होती, आणि मशीनचा दांडा दाबला.

हाताने केलं. ती तिथे नव्हतीच.

अर्ध्या तासाने झेरॉक्सच्या दुकानात मशीनखालून गरम कागद बाहेर आला तेव्हा तारखेच्या जागी एक काळा वाटोळा गोल होता. पान अर्धंच असल्यामुळे खालचं भोक बरोबर डाव्या कडेच्या तारखेवर बसलं होतं. मुळात लिहिलं होतं शून्य तीन. शून्य गेलं होतं. मूळ कागदावर राहिला होता नुसता तीन, त्याच्या आधी भोक, आणि भोकाच्या काठाशी निळ्या शाईची एक बारीक शेपटी.

मी कागद नेऊन दाखवला तेव्हा ताई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता हे तेवीससुद्धा असू शकतं."

मग मी जे बोलले ते मला आजही आवडत नाही. "ताई, कुणाला काय कळणार आहे? भोक आधीपासूनच होतं म्हणू. डॉक्टरांनीच फाईलला लावला असेल. आजीला वाचता कुठे येतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या प्रवाशाकडे बघावं तसं.

"म्हणूनच तिला आधी सांगायला हवं. ज्याला वाचता येतं तो स्वतः बघेल."

आम्ही तशाच आजीच्या खोलीवर गेलो. जिन्याखाली असल्यामुळे छत तिरकं. आजी जिथे उभी राहायची तिथेच काय ते सरळ उभं राहता येत होतं. कुणी वर चढलं की डोक्यावर पावलं मोजता येत. एका बाजूला इस्त्री केलेल्या कपड्यांच्या थप्प्या, प्रत्येकीची त्या त्या घरातल्या बाईच्या सवयीप्रमाणे वेगळी घडी. आजी एका शर्टाची कॉलर करत होती. ताईने सगळं सांगितलं. काय झालं, कसं झालं, त्याने केसचं काय होऊ शकतं. काही मऊ केलं नाही.

आजीने इस्त्री उभी करून ठेवली.

"कपडा जळला की मी त्याच दिवशी जाऊन सांगते," ती म्हणाली. "घडीत लपवून नाही देत. तू आलीस, बरं केलंस. पण मी मग नवा कपडा आणून देते. तू काय आणून देणार?"

"नवा नाही देता येणार. तोच शोधते."

"काय शोधतेस?"

"भोकात जे होतं ते."

आजीने परत इस्त्री उचलली. "शोध," म्हणाली. "मला शर्ट द्यायचेत." आम्ही निघालो तेव्हा तिने वर पाहिलं नाही. माफ केलं असंही नाही आणि हाकलून दिलं असंही नाही. मला ते फार जड वाटलं. ताईला, मला वाटतं, तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मॅडमना सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मशीन उघडलंस?"

"नाही. वरून कागद बांधून मशीन कपाटात ठेवलंय. चावी तुमच्याकडे द्यायची होती."

"शहाणी आहेस. एकटीने उघडायचं नाही. आपल्या कॉलेजचं कुणी नको. ते म्हणतील, हे सगळे एकाच घरचे. बाहेरचे साक्षीदार घे. आणि सगळं लिहून काढ, कोण होतं, किती वाजता, काय सापडलं." मग जरा थांबून, "आणि तुला माहीत आहे ना, मला हे कॉलेजला लिहून कळवावं लागेल. यंदाचं प्रॅक्टिकल गेलं तुझं. पूर्ण वर्ष परत करावं लागेल."

"कळवा."

"नीट ऐकलंस का? एक वर्ष."

"ऐकलं मॅडम. या केसमध्ये मला येता येईल ना?"

"साक्षीदार म्हणून. विद्यार्थिनी म्हणून नाही."

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने नखाखालचा पिवळा रंग खरवडत विचारलं, "एक वर्ष म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत?" मग म्हणाला, "बरं." सासूबाई चिडल्या. "सांगितलंस कशाला गं? कुणी विचारलं होतं का?" मग स्वतःशीच पुटपुटल्या, "या घरात वेडी एकटी मीच होते. आता दोन झाल्या." दुसऱ्या दिवशी भाजी चिरलेली होतीच.

बाहेरचे साक्षीदार म्हणजे कोण, हा प्रश्न ताईला पडलाच नाही. "डेपोत सात जण सापडतील," ती म्हणाली. "सातही जणांनी आयुष्यभर भोकंच बघितलीयत."

डेपोची विश्रांतीची खोली. दुपारच्या पाळीआधीचे दोन तास. कँटीनमधले चहाचे ट्रे आणून टेबलावर मांडले, कडा उंच होत्या म्हणून. दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. सहा कंडक्टर आणि एक निवृत्तीला आलेला ड्रायव्हर. ताईने ड्युटीच्या कोऱ्या तक्त्यावर प्रत्येकाचं नाव, बिल्ला नंबर आणि तो कुठल्या खुर्चीत बसलाय ते लिहिलं. मशीन उघडायची वेळ लिहिली. मग सगळ्यांसमोर मशीनच्या खालचं झाकण काढलं.

पांढऱ्या टिकल्यांचा ढीग सांडला. हजारो. ते मशीन किती वर्षांत कुणी रिकामं केलं नव्हतं देव जाणे.

"शिंकायचं नाही कुणी," ताई म्हणाली.

"मग याला आधी बाहेर काढा," एक कंडक्टर ड्रायव्हरकडे बोट दाखवून म्हणाला. "हा शिंकला की मागच्या सीटवरचे लोक उतरतात."

"मी शिंकतो, पण ब्रेक तरी मारतो. तू तर थांबा गेल्यावर बेल वाजवतोस."

"ताई, बक्षीस काय?"

"शोधणाऱ्याला माझ्या सासूच्या हातचा चहा."

"तो प्यायलोय मी. मी शोधत नाही."

हळूहळू बोलणं थांबलं. घामाचे थेंब ट्रेवर पडू नयेत म्हणून सगळ्यांनी डोक्याला रुमाल बांधले. ताई मुलीचा भुवया कोरायचा प्लकर घेऊन आली होती ("आई, परत आण हं, तो माझा आहे"). त्याने ती शाई लागलेली प्रत्येक टिकली बाजूला काढत होती. आणि तेव्हा आम्हाला जे दिसलं त्याची आम्ही तयारी केलेली नव्हती. शाईच्या टिकल्या एक-दोन नव्हत्या. शंभरावर होत्या. कुठे सहीचा वेलांटीएवढा तुकडा, कुठे अंगठ्याच्या ठशाच्या चार रेषा, कुठे निळ्या शिक्क्याची कड, कुठे कुणाच्या तरी नावातला एक काना. म्हणजे आमच्या आधीच्या, त्यांच्याही आधीच्या विद्यार्थ्यांनी मूळ कागदांना भोकं पाडली होती. कुणाला कळलं नव्हतं, किंवा कळलं होतं आणि कुणी गप्प बसलं होतं. त्या माणसांचं पुढे काय झालं ते त्या टिकल्यांना माहीत नव्हतं. त्या मशीनच्या पोटात निमूट बसून होत्या.

मी हळूच म्हणाले, "ताई, हे मॅडमना दाखव. चूक एकट्या तुझी नाही."

"हे सगळं दाखवायचंच आहे," ती म्हणाली. "पण माझ्या बाजूने नाही. ज्यांची आहेत त्यांच्या बाजूने." आणि तिने त्या टिकल्या मोजून वेगळ्या पाकिटात घातल्या. एकशे सतरा.

तेवढ्यात दार ढकलून तिकीट तपासनीस आत आला. डेपोत त्याला कुणी चहाला बोलवत नसे. बंद खिडक्या, डोक्याला रुमाल बांधलेली माणसं, मधे ट्रे. त्याचा चेहरा फुलला.

"पत्ते?"

"भोकं," ताई म्हणाली. "बसा. दार लावा आधी, वारा येतोय."

तिने त्याला सांगितलं. तो ऐकत होता. मग खुर्ची ओढून बसला आणि ताईने तक्त्यावर त्याचंही नाव लिहिलं, आलेल्या वेळेसकट. वीस वर्षं तो खोटी तिकिटं ओळखत आला होता. दोन हात लांबून त्याला कळायचं की भोक कालच्या तारखेचं आहे. त्याने चष्मा कपाळावर चढवला, नाक जवळजवळ ट्रेला टेकवलं. पाऊण तास तसाच वाकून राहिला. मग बोट न लावता म्हणाला, "हे बघ गं."

एका टिकलीवर निळं शून्य होतं. वाटोळ्या कागदात वाटोळं. उजवीकडे त्याला एक शेपटी फुटली होती आणि ती काठाशी तुटली होती. आणि शाईच्या खालून एक बारीक उभी हिरवी रेघ गेली होती, डॉक्टरांच्या पॅडच्या समासाची.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळीचा वारासुद्धा चालणार नव्हता.

तारखेला कोर्टात मॅडमनी तो कागद, ती टिकली आणि सगळ्यांच्या सह्यांचा तक्ता दाखल केला आणि ताईला साक्षीला उभं केलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ती खाकी गणवेशात उभी होती, कारण तिथून थेट ड्युटीवर जायचं होतं. मागच्या बाकावर आजी, हातात काही नाही. पुतण्याचे वकील उंच, मृदू आवाजाचे गृहस्थ. अशा आवाजाची मला अजूनही भीती वाटते.

"बाई, आपण कंडक्टर आहात. तिकिटांना किती वर्षं भोकं पाडता?"

"एकोणीस."

"रोज साधारण किती?"

"सातशे-आठशे."

"म्हणजे भोक नेमकं कुठे पाडायचं, यात आपला हात चांगलाच बसलेला आहे."

"हो."

"आणि या कागदावरच्या सगळ्या जागांपैकी ते नेमकं तारखेवरच पडलं."

"हो."

मॅडम उठणार होत्या, पण ताईने हाताने त्यांना थांबवलं. कोर्टात असं करत नाहीत. न्यायाधीशांनी पाहिलं आणि चालू दिलं.

"तिकिटाला भोक पाडताना मी आकड्याकडे बघते साहेब," ती म्हणाली. "इथे बघितलं नाही. बघितलं असतं तर पाडलंच नसतं. हात बसलेला आहे म्हणता ते खरं आहे, तीच चूक आहे. दाराच्या मागे नियम लिहिलेला होता, तो मी रोज वाचत होते. तरी हात आपोआप चालला."

"ही टिकली सात-आठ जणांच्या हाताखालून गेली आहे."

"आठ. तक्त्यावर बिल्ले नंबर आहेत. आठवे पाऊण तास उशिरा आले, तेही लिहिलंय."

"नवं शून्य लिहून, दुसऱ्या कागदातून टिकली पाडणं अवघड नाही, नाही का?"

"शून्य लिहिणं अवघड नाही. ती हिरवी रेघ डॉक्टरांच्या पॅडवरची आहे, आणि शेपटी अर्धी टिकलीवर आहे, अर्धी कागदावर. जोडून बघा. जुळली नाही तर मला खोटी म्हणा."

न्यायाधीशांनी ठसे बघायची काच मागवली. शिपायाने कागद त्यांच्यासमोर पसरला, पाकिटातून टिकली काढली आणि चिमट्याने भोकात बसवायला लागला. दोनदा टिकली उलटी पडली. न्यायाधीश शेवटी स्वतः उठले, चिमटा घेतला आणि ती बसवली. हिरवी रेघ वरून आली, टिकलीतून गेली आणि खाली निघाली. शेपटी तिनाला जाऊन मिळाली. न्यायाधीश काचेतून बघत राहिले. मग त्यांनी पुतण्याच्या वकिलांना खूण केली, तुम्हीही या. वकील आले, वाकले, बराच वेळ बघितलं आणि सरळ झाले. त्यांच्या आवाजातला मऊपणा गेला होता. "मला आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले.

न्यायाधीशांनी ताईला विचारलं, "हे तुम्ही कळवलं नसतं तर चाललं असतं, असं कधी वाटलं?"

"वाटलं."

"मग?"

"प्रवासी झोपला असला तरी त्याचा थांबा आला की उठवावं लागतं साहेब. तो आपल्या भरवशावर झोपलेला असतो."

न्यायाधीशांनी हे लिहून घेतलं नाही.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. कागद खरा, तारीख तीन, दावा फेटाळला. आम्ही तो ऐकला तेव्हा आजीला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं, कारण आत उभं राहून तिचे पाय दुखत होते. ताई बाहेर आली आणि तिच्याशेजारी बसली. मी पलीकडे. एवढ्यात पुतण्या समोरून गेला, आजीकडे न बघता.

"काय म्हणाले?" आजीने विचारलं.

"खोली तुमची."

"किती दिवस?"

"तुम्ही आहात तोवर."

"आणि मग?"

"मग त्याची."

आजीने जिना उतरणाऱ्या पुतण्याच्या पाठीकडे बघितलं. शेवटची पायरी उतरेपर्यंत बघितलं. मग खालचा खांदा जरा वर उचलून सरळ बसली.

"मग त्याला सांग," ती म्हणाली, "बसून घे म्हणावं. वेळ लागेल."